आधी उधाणाची रेघ, मग बाकीचं

किनाऱ्यावरच्या गावात ‘आलेल्या माणसांसाठी काहीतरी सोय करूया’ हा विषय निघतो तो बहुतेक डिसेंबरात. तेव्हा पुळण रुंद असते, वाळू कोरडी असते, सुरूच्या बनाखाली मोकळी जागा भरपूर दिसते. जागेची पाहणी होते तीही त्याच दिवसांत. मग स्वच्छतागृहाचा पाया पडतो तो नेमका ऑगस्टच्या उधाणाला गुडघाभर पाणी येतं अशा ठिकाणी. दापोली तालुक्यातल्या एका गावासाठी असा आराखडा करताना आम्ही पहिलीच अट घातली, की एक पावसाळा बघितल्याशिवाय कागदावर एकही चौकोन काढायचा नाही. गावाला हवं होतं ते साधंच होतं: स्वच्छतागृह, कपडे बदलायच्या खोल्या, पाय धुवायची जागा, बसायला कट्टे, मुलांना झोपाळे, वाहनतळ आणि म्हाताऱ्या माणसांना पुळणीपर्यंत नेणारी वाट. हे सगळं उभं राहायला दीड वर्ष लागलं. त्यातले पहिले दहा महिने मोजमापात आणि बोलण्यात गेले, आणि पुढची कामं सोपी झाली ती त्याच दहा महिन्यांमुळे.

उधाणाचं पाणी कुठवर चढतं ती रेघ आखायची वेळ तिथीवरून ठरते. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ येते, हा हिशेब कोकणात शाळकरी मुलांनाही येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनव-अवसेला बाराच्या आसपास. सर्वांत मोठं पाणी पुनव-अवसेच्या दिवशीच येतं असं नाही, पुढचे एक-दोन दिवसही बघावे लागतात. म्हणून जुलै आणि ऑगस्टच्या दोन्ही उधाणांना सलग तीन-तीन दिवस थांबावं. मुंबईच्या भरतीच्या तक्त्यातले आकडे इथे लावू नयेत. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, दक्षिणेकडे मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत ते बरंच कमी होत जातं. शिवाय तक्त्यातला आकडा शांत पाण्याचा असतो. बांधकामाला धक्का देते ती त्याच्यावरून पुढे धावत येणारी लाट. त्यामुळे पाणी कुठवर आलं हे डोळ्यांनी ठरवण्यापेक्षा पाणी ओसरल्यावर राहिलेली कचऱ्याची रेघ धरावी. सुरूच्या काटक्या, थर्माकोलचे तुकडे, चपला, बाटल्या यांची ही रेघ चांगली ठळक असते. तिच्यात खुंट ठोकून उपयोग नाही, पुढच्या भरतीला ते जातात. आम्ही मागच्या माडांच्या बुंध्यांवर तेलरंगाने क्रमांक घातले आणि प्रत्येक माडापासून रेघेपर्यंतचं अंतर टेपने मोजून वहीत उतरवलं.

उंचीसाठी महागडं यंत्र मिळालं तर उत्तम. नाहीतर गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी पुरते. देवळाच्या जोत्याची वरची कड शून्य धरली, किनाऱ्याच्या लांबीने दर ५० मीटरवर समुद्राकडे उतरणारी एक रांग ठरवली आणि रांगेत दर पाच मीटरवर वाळूची उंची घेतली. हेच ऑगस्टात, डिसेंबरात आणि मे महिन्यात पुन्हा केलं. नळीत हवेचा बुडबुडा अडकला तर सगळी रांग चुकते, म्हणून प्रत्येक रांगेच्या शेवटी जोत्यावर परत येऊन शून्य जुळतो का ते बघायचं. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला की ती रांग पुन्हा घ्यायची.

या पुळणीवर वरच्या भागात ऑगस्ट आणि डिसेंबरच्या वाळूत सव्वा मीटरचा फरक निघाला. पावसाळ्यातल्या उंच, जवळजवळ येणाऱ्या लाटा वाळू ओढून आत नेतात आणि पाण्याखाली तिचा बांध तयार होतो. नवरात्रानंतरच्या संथ लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. म्हणजे डिसेंबरात ९० सेंटिमीटर खोल खणून बसवलेला खांब ऑगस्टात उघडा पडतो. बांधकाम कमकुवत होतं म्हणून पडलं असं लोक म्हणतात, पण बहुतेक वेळा बांधकाम बरं असतं आणि त्याच्या खालची वाळू हंगामी असते.

आणखी दोन खुणा बघाव्यात. एक म्हणजे मर्यादवेल, वाळूवर पसरणारी वेल. समुद्राची मर्यादा, हे नावातच सांगितलंय. मात्र वेलीचे समुद्राकडे धावणारे कोवळे फाटे धरायचे नाहीत, ते दरवर्षी येतात आणि जातात. अंगठ्याएवढे जाड, लाकूड झालेले जुने फाटे जिथे सापडतात तिथपर्यंत समुद्र सहसा पोचत नाही. दुसरी खूण माणसांच्या आठवणीतली. नोव्हेंबर २००९ मधलं फयान, ३ जून २०२० चं निसर्ग आणि मे २०२१ मधलं तौक्ते या तिन्ही वादळांत पाणी कुणाच्या बागेत कुठवर शिरलं, हे विचारून प्रत्येक जागा नकाशावर टाकली. तीन वेगवेगळ्या घरांनी एकच जागा दाखवली तरच ती पक्की धरली.

कायद्याची रेघ याहून वेगळी असू शकते. किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना भरतीरेषा धरून चालते. ही रेषा चेन्नईच्या राष्ट्रीय शाश्वत किनारा व्यवस्थापन केंद्राने आखलेली असते. ग्रामीण भागात लोकवस्तीची घनता २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर, कमी असेल तर २०० मीटर पट्ट्यात बांधकामाला बंदी आहे. कोकणातली बहुतेक गावं दुसऱ्या प्रकारात मोडतात. या बंदीच्या पट्ट्यातही तात्पुरत्या सोयी चालतात: स्वच्छतागृह, कपडे बदलायच्या खोल्या, शॉवर, पिण्याचं पाणी, बसायची जागा, एकमेकांत बसणाऱ्या ठोकळ्यांची पायवाट. अट अशी, की त्या भरतीरेषेपासून किमान १० मीटर मागे असाव्यात आणि मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यातल्या पर्यटन आराखड्यात बसाव्यात. वाळूच्या टेकड्या, कांदळवन, कासवांच्या विणीची जागा यांना सर्वांत कडक संरक्षण आहे, तिथे यातलं काही आणू नये. आम्ही साधा नियम पाळला. कागदावरची भरतीरेषा आणि आमची कचऱ्याची रेघ यांतली जी जमिनीकडे जास्त आत ती खरी मानायची, आणि १० मीटर तिथून मोजायचे. प्रत्यक्षात स्वच्छतागृह ३४ मीटर मागे, रस्त्याच्या कडेला गेलं. पाण्याच्या जवळ असावं असा आग्रह होता. पण स्वच्छतागृहातून समुद्र दिसायची गरज कुणालाच नसते, आणि मैला उपसायच्या टँकरला मात्र पक्का रस्ता लागतोच.

जागा कुणाची हे मोजणीच्या आधी बघावं. पुळणीला लागून असलेल्या शंभर मीटरमध्ये महसूलची पड जमीन, वनविभागाची सुरू लागवड, सागरी मंडळाच्या ताब्यातला भाग आणि खाजगी बागा अशा चार मालक्या निघू शकतात. सातबारा आणि गावनकाशा घेऊन तलाठ्याबरोबर एक दिवस चालून यावं. ज्याचा सातबारा त्याचं ना-हरकत पत्र आधी, मग ग्रामसभेचा ठराव, मग अधिकृत संस्थेकडून १:४००० प्रमाणाचा किनारा नियमन नकाशा आणि शेवटी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे प्रस्ताव. हा क्रम उलटा केला की नकाशाचा खर्च दोनदा होतो, कारण जागा वीस मीटर सरकली तरी नकाशा नवा लागतो.

आता माणसांचा वापर. डिसेंबरात रिकामी दिसणारी जागा रिकामी नसते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढून सुरूच्या कडेला लावतात, झापांनी शाकारतात, आणि नारळी पुनवेपर्यंत त्या तिथेच असतात. जरा पुढे सुकी मासळी घालतात. हिवाळ्यात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागते तेव्हा दोर ओढणाऱ्या दोन रांगांना पुळणीचा मोठा पट्टा लागतो. शिमग्याचा होम ठरलेल्या जागीच पेटतो. गणपती विसर्जनाची वाट ठरलेली असते. टोकाला स्मशान असतं. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूत मुलांचं क्रिकेट रंगतं. आम्ही बारा महिन्यांचे बारा पारदर्शक कागद केले, प्रत्येकावर त्या महिन्यातला वापर रंगवला आणि ते एकावर एक ठेवले. सुरूच्या बनापुढची जी जागा झोपाळ्यांसाठी सगळ्यांनी पसंत केली होती तिच्यावर आठ होड्या निघाल्या. झोपाळे शाळेच्या बाजूला गेले. विसर्जनाच्या वाटेवर सुचवलेल्या पायऱ्या रद्द झाल्या आणि तिथे उतारच राहिला, कारण मूर्ती खांद्यावर घेऊन चार माणसं ओल्या पायऱ्या उतरू शकत नाहीत.

ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जी संख्या कमी ती गणपूर्ती लागते. पण आमच्या दृष्टीने तिच्या आधी होणारी महिलांची ग्रामसभा जास्त मोलाची ठरली. तिथे कुणी कमान किंवा ‘आय लव्ह’ लिहिलेली पाटी मागितली नाही. दाराला आतून पक्की कडी हवी. दार पुरुष बसतात त्या कट्ट्यासमोर नको. पॅड टाकायला झाकणाचा डबा प्रत्येक खोलीत हवा. मासळी विकणाऱ्या बायका पहाटे बंदरावर जातात, तर कुलूप पाच वाजता उघडायला हवं. कपडे बदलायच्या खोलीत खुंटी खांद्याच्या उंचीला हवी, आणि भिंतीला वर-खाली अशी फट नको जिच्यातून मोबाइल आत घालता येईल. म्हणून झडप २.१ मीटरच्या वर घेतली आणि तिला जाळी लावली. या मागण्यांपैकी एकही अंदाजपत्रकाच्या छापील नमुन्यात नव्हती.

आकार किती ठेवायचा हे दिवसभराच्या गर्दीवरून काढू नये, सर्वांत गर्दीच्या तासावरून काढावं. नाताळच्या सुट्टीतला रविवार, त्याच महिन्यातला साधा बुधवार आणि मे महिन्यातला शनिवार असे तीन दिवस दर तासाला डोकी मोजली. संध्याकाळी पाच ते सहा या तासात चारशेच्या आसपास माणसं भरली. त्यातली चौथाई त्या तासात स्वच्छतागृह वापरतील असं धरलं. म्हणजे शंभर, त्यात निम्म्या बायका. एकीला तीन मिनिटं धरली तर दीडशे मिनिटं, म्हणजे अडीच खोल्या. म्हणजे तीन, आणि एखादी तुंबलेली किंवा सफाईत असणार असं गृहीत धरून चार. पुरुषांना दोन खोल्या आणि तीन मुताऱ्या पुरल्या. चाकाच्या खुर्चीसाठी एक स्वतंत्र खोली: दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, आत दीड मीटर व्यासाचं वळण, दार बाहेर उघडणारं. दोन्ही बाजूंना सारख्याच खोल्या काढायची सवय सोडायला हवी. रांग नेहमी बायकांच्या बाजूलाच लागते.

पाण्याचा हिशेब असा. रविवारी दिवसभरात १,२०० माणसं, त्यांतली एक तृतीयांश स्वच्छतागृहात, सहा लिटरप्रमाणे २,४०० लिटर. निम्मी पाय धुणार, तीन लिटरप्रमाणे १,८००. शॉवर घेणारे शंभर, वीस लिटरप्रमाणे २,०००. एकूण ६,२००, पिण्याचं वेगळं. म्हणून पाच-पाच हजार लिटरच्या दोन टाक्या. शॉवरला साधा नळ बसवला तर हा हिशेब कोलमडतो, तो चालूच राहतो. दाबल्यावर पंधरा सेकंदांनी आपोआप बंद होणारी तोटीच बसवावी. साबण ठेवायला फळी करूच नये. साबण नसला तर शॉवरचं आणि पायांचं पाणी वाळूच्या गाळणीतून सरळ माडांच्या आळ्यात सोडता येतं. पाणी आणायचं कुठून हा प्रश्न याहून मोठा. किनाऱ्याजवळच्या विहिरीत गोड पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत असतं. मोटर लावून जोरात उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं आणि एप्रिल-मेपर्यंत आजूबाजूच्या सगळ्या विहिरी मचूळ होतात. भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत स्थानिक वस्तीच्या स्वतःच्या वापराखेरीज भूजल उपसायला परवानगी नाही, ती याचमुळे. पाणी गावच्या नळयोजनेतूनच घ्यावं, रात्री टाकी भरावी आणि उन्हाळ्यात शॉवर बंद ठेवायची तयारी ठरावातच लिहून ठेवावी.

पाय धुवायची जागा स्वच्छतागृहाच्या दाराआधी हवी, नंतर नाही. माणसामागे मूठभर वाळू आत जाते आणि सांडपाण्याच्या नळीतल्या वाकात घट्ट बसते. तुंबलेल्या दहा स्वच्छतागृहांपैकी बहुतेकांत वाळूच निघते. पाय धुतलेलं पाणी ६० × ६० × ६० सेंटिमीटरच्या खड्ड्यात घ्यावं, मध्ये आडवी फळी घालावी म्हणजे वाळू अलीकडे बसते, आणि तो खड्डा दर सोमवारी फावड्याने उपसावा.

सर्वांत जास्त फसगत होते ती सेप्टिक टाकीची. पुळणीमागच्या वाळूत पावसाळ्यात भूजल जमिनीपासून हातभर खाली येतं. पुरलेली टाकी भरलेली असते तोवर काही होत नाही. पण कुणीतरी जुलैत मैला उपसून ती रिकामी करतं, आणि दुसऱ्या दिवशी टाकी जमीन फोडून वर आलेली दिसते, सगळे पाईप मोडून. रिकामी टाकी म्हणजे होडीच. पाच हजार लिटरच्या टाकीला पाणी पाच टन जोराने वर ढकलतं आणि फायबरच्या टाकीचं स्वतःचं वजन त्यापुढे नगण्य असतं. तिला खाली धरायला काँक्रीटचा तळठोकळा लागतो. पाण्याखाली एक घनमीटर काँक्रीट १.४ टनच भरतं, म्हणजे वरच्या वाळूचा आधार न धरता साडेतीन घनमीटर हवं. टाकी त्या ठोकळ्याला पट्ट्यांनी आवळावी. आणि उपसा फक्त फेब्रुवारी ते एप्रिल या काळातच करायचा, उपसल्यावर लगेच अर्धी टाकी पाण्याने भरायची, असं टाकीच्या झाकणावरच लिहून ठेवावं. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा असं मानक सांगतं. वाळूतून पाणी भरभर झिरपतं, त्यामुळे आम्ही ४० मीटर ठेवलं, आणि उताराच्या बाजूला विहीर नाही हेही पाहिलं.

सामानाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण अंदाजपत्रक डोंगरावरच्या गावासाठी असतं तसंच इथेही लावलं जातं. खाऱ्या हवेत साध्या लोखंडाची बिजागरी एक पावसाळा काढते, दुसऱ्यात दार निखळतं. पातळ मुलामा दिलेला खिळा त्याहून लवकर जातो. ३०४ क्रमांकाचं स्टेनलेस तपकिरी डागतं, ३१६ टिकतं. ते महाग आहे, पण दहा दारांच्या बिजागऱ्या आणि कड्यांचा हा वाढीव खर्च एका दुरुस्तीत भरून निघतो. या वस्तू शहरातल्या हार्डवेअरच्या दुकानात शोधण्यापेक्षा बंदरावरच्या होड्यांच्या सामानाच्या दुकानात बघाव्यात. पितळी कड्या, ३१६ चे स्क्रू, न कुजणारा दोर, सगळं तिथे असतं. दारं आम्ही फायबरची घेतली. गावात फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे चार कारागीर आहेत हे त्यामागचं कारण. दार फुटलं तर दोन तासांत थर चढवून देतात. ज्याचा कारागीर गावात नाही ते सामान कितीही चांगलं असलं तरी घेऊ नये.

भिंती चिऱ्याच्या. गिलावा न करता फक्त दरजा भरल्या, कारण खारी हवा गिलाव्याच्या मागे शिरून त्याचे पापुद्रे काढते. काँक्रीट लागतं तिथे आयएस ४५६ या भारतीय मानकाचं बंधन पाळावं: किनाऱ्याच्या हवेत किमान एम ३० प्रतीचं काँक्रीट, समुद्राचे तुषार बसतात तिथे एम ३५, पाण्याचं प्रमाण सिमेंटच्या ०.४५ पट, त्याहून जास्त नाही, सळईवरचं आवरण अनुक्रमे ४५ आणि ५० मिलिमीटर. कागदावर हे सगळे लिहितात. साइटवर बिघडतं ते दोन ठिकाणी. मिश्रण सहज ओतलं जावं म्हणून बादलीभर पाणी जास्त घातलं जातं, आणि सळईखाली आवरणाचे ठोकळे न ठेवता फुटक्या फरशीचे तुकडे सरकवले जातात. पुळणीवरची वाळू वापरायचा मोह तर जागोजाग असतो. आलेल्या प्रत्येक गाडीतली चिमूटभर वाळू जिभेवर ठेवून बघावी, खारट लागली तर गाडी परत. खाऱ्या वाळूतल्या क्षारांनी सळई आतून गंजते, फुगते आणि चार-पाच वर्षांत काँक्रीट फोडून बाहेर येते.

छप्पर कौलारू, उतार तीस अंशांचा, पाखं भिंतीबाहेर ६० सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. लांब पाख्याखाली वारा शिरतो आणि छप्पर उचलतो. कडेच्या दोन ओळींतली कौलं तारेने बांधली. सुरूच्या झाडाखाली काहीही उभं करू नये. त्याची मुळं वाळूत उथळ असतात, आणि निसर्ग वादळात रायगड-दापोलीच्या किनाऱ्यावर ही झाडं ओळीने आडवी झाली. सावलीसाठी उंडी आणि भेंड लावली. उंडी सावकाश वाढते, पण खारा वारा सोसते आणि मुळं खोल सोडते.

पुळणीपर्यंतची वाट लाकडी फळ्यांची, जमिनीपासून ४५ ते ६० सेंटिमीटर उंच, म्हणजे खालून वाळू वाहू शकते आणि मर्यादवेल वाढू शकते. रुंदी दीड मीटर, फळ्यांत १० मिलिमीटरची फट. चढ १:१२ चा, म्हणजे ६० सेंटिमीटर चढायला ७.२ मीटर लांबी लागते. जागा नाही म्हणून चढ आखूड केला तर चाकाची खुर्ची तिथेच अडते आणि मग ती वाट नसल्यासारखीच. सगळी वाट दोन-दोन मीटरच्या तुकड्यांची, प्रत्येक तुकडा चार माणसांना उचलता येईल असा. ऐनाचं लाकूड, स्क्रू वरून. वाटेच्या तोंडाशी गाड्या पुळणीवर जाऊ नयेत म्हणून चिऱ्याचे खांब लावले, पण मधला एक नळीत बसवलेला, उचलता येणारा. त्याची किल्ली रापण संघाकडे आणि ग्रामपंचायतीकडे. रापणीचा टेम्पो आणि रुग्णवाहिका जायलाच हवी. हा खांब कायमचा गाडला असता तर पहिल्याच महिन्यात कुणीतरी तो फोडला असता, आणि ते रास्तही ठरलं असतं.

गाड्या रोखण्याचं मुख्य कारण मात्र कासवं. वेळास-आंजर्ल्याच्या या पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासविणी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात, पिल्लं ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात. वेळासला या कामाची सुरुवात २००२ साली झाली, आता कितीतरी गावं त्यात आहेत. चाकांनी वाळू दबली की पिल्लांना वर येता येत नाही, आणि क्षितिजाजवळच्या सर्वांत उजळ भागाकडे ती चालत असल्याने पांढरा दिवा त्यांना समुद्राऐवजी रस्त्याकडे नेतो. म्हणून उंच दिव्यांचा खांब नाही. एक मीटरपेक्षा कमी उंचीचे, समुद्राच्या बाजूने झाकलेले, पिवळट-नारिंगी दिवे, तेही रस्ता आणि स्वच्छतागृहापुरते. तपासणी सोपी आहे. अवसेच्या रात्री पाण्याच्या कडेला वाळूत आडवं पडून गावाकडे बघायचं. एकही बल्ब थेट दिसता कामा नये. आम्हाला तीन दिसले, त्यातला एक शेजारच्या हॉटेलाचा होता, त्यांनी सांगितल्यावर लगेच आडोसा केला. कचऱ्याचे डबेही पुळणीवर ठेवले नाहीत, रस्त्याशी झाकणवाले ठेवले. डब्यातल्या उष्ट्यासाठी कुत्री येतात आणि मग तीच कुत्री घरटी उकरतात.

समुद्राला लागून कठडा किंवा चालण्याचा उंच कट्टा बांधायची मागणी प्रत्येक गावात येते. ती ठामपणे नाकारावी. उतरत्या वाळूवर लाट धावत येते आणि तिचा जोर वाळूतच जिरतो. उभ्या भिंतीवर ती आपटून परत फिरते आणि जाताना भिंतीच्या पायाची वाळू घेऊन जाते. काही पावसाळ्यांत भिंतीपुढची पुळण संपते आणि भिंतीच्या दोन्ही टोकांना शेजाऱ्यांच्या बागा खचू लागतात. कट्टे हवेत तर ते सुरूच्या मागे: बैठक ४५ सेंटिमीटर, निम्म्या कट्ट्यांना पाठ आणि हात, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना धरायला काहीतरी लागतं. झोपाळ्याला साखळी नको, ती गंजते. बंदरावरचा दोर लावावा आणि दर ऑक्टोबरात बदलावा. कबड्डी, व्हॉलीबॉल यांना काहीच बांधायला नको. ओहोटीची वाळू पुरे, खांब रोवायला दोन नळ्या आणि आखायला दोर.

चालवायचं कसं हे बांधायच्या आधी लिहून काढलं. किनाऱ्यावर वर्षाच्या देखभालीला बांधकाम खर्चाचा दहावा हिस्सा धरतो, त्यात सफाईचं मानधन वेगळं. स्वच्छतागृहाला पैसे नाहीत. पैसे लावले की मुतारी फुकट राहते आणि बायकांना तेवढे द्यावे लागतात. खर्च वाहनतळाच्या पावतीतून निघतो. एका मोटारीला येण्याजाण्याच्या जागेसह पंचवीस ते तीस चौरस मीटर लागतात. चाळीस मोटारींची जागा केली आणि त्यापुढे गाड्या आल्या तर शाळेच्या मैदानात, शाळा बंद असेल तेव्हाच. पावतीची रक्कम ग्रामपंचायतीच्या वेगळ्या खात्यात जाते. महिला बचत गटाशी अकरा महिन्यांचा करार आहे. त्यात सफाईच्या चार वेळा, फिनेल-झाडूचा खर्च कुणाचा, वीजबिल कुणाचं, नळ बिघडला तर किती दिवसांत आणि कुणाच्या खर्चाने, हे सगळं लिहिलेलं आहे. पहिल्या मसुद्यात ‘देखभाल गट करील’ एवढंच वाक्य होतं. अशा वाक्यावर उभं राहिलेलं स्वच्छतागृह दुसऱ्या वर्षी कुलूपबंद होतं.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उतरवणी असते. वाटेचे तुकडे एका टोकापासून सोडवायचे, प्रत्येकाखाली तेलरंगाने घातलेला क्रमांक बघून समाजमंदिराच्या पडवीत रचायचे, तुकड्यांमध्ये नारळाच्या काथ्या घालून. स्क्रू गोड्या पाण्यात धुऊन डब्यात. झोपाळ्याचे दोर काढायचे, शॉवरच्या तोट्या काढून नळ्यांना बुचं मारायची, सेप्टिक टाकी निम्मी भरली आहे का ते काठीने बघायचं, पाखांच्या तारा ओढून बघायच्या. एक जूनला होड्या वर यायला लागतात तेव्हा त्यांची जागा मोकळी असते. जुलैच्या पहिल्या मोठ्या उधाणानंतर टेप आणि वही घेऊन पुन्हा माडांपाशी जायचं. क्रमांक ७ च्या माडापासून कचऱ्याची रेघ गेल्या वर्षी ११.४० मीटरवर होती. यंदा ती ९.८५ वर आली, म्हणून ऑक्टोबरात वाटेचा शेवटचा तुकडा बसवला नाही.